चार वाजताची नोंद

आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर उद्याबद्दल कधी काही लिहीत नाहीत. "उद्या घरी सोडणार का हो?" असं पेशंटने विचारलं तर म्हणतात, "उद्याचं उद्या." मी त्याच वॉर्डात कारकून. माझं निम्मं काम म्हणजे पुढच्या तारखा आधीच टाकून ठेवणं. सव्वीस वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसतोय आणि या एका गोष्टीवरून आमचं कधी जमलं नाही.

सिस्टरांचा हात जखमांवर बसलेला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडतात त्या जखमा. भलेभले डॉक्टर पट्टी उघडून नाक मुरडतात आणि म्हणतात, "मोठ्या सिस्टरना बोलवा." परदेशातल्या एका रुग्णालयात याच विषयाचा दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम होता. फी माफ, राहायची सोय. अट एकच, वय पन्नासच्या आत. सिस्टर होत्या एकोणपन्नास वर्षं सात महिन्यांच्या. पुढच्या वर्षी विचार करू म्हणायची सोयच नव्हती. प्रवेशाचा अर्ज मीच त्यांना भरायला लावला. लावला कसला, मानगुटीवर बसले.

प्रवेश मिळाला आणि मग व्हिसाचं शुक्लकाष्ठ सुरू झालं. व्हिसा अल्पमुदतीचा, विद्यार्थ्याचा. कागद मात्र जन्मभर राहायला चालल्यासारखे. रजेचं पत्र, पोलिसांचा दाखला, लग्नाचा दाखला, छातीचा फोटो. सिस्टर ड्यूटी संपवून रांगेत जायच्या, रांगेतून घरी, घरून पुन्हा ड्यूटीवर. एकदा व्हिसाच्या कचेरीत खुर्चीवर त्यांचा डोळा लागला. नंबर पुकारला, निघून गेला, आणि खिडकी बंद व्हायच्या वेळेला शिपायाने त्यांना हलवून उठवलं. दुसऱ्या दिवशी मला सांगताना त्यांच्या तोंडावर पश्चात्ताप नव्हता. म्हणाल्या, "अडीच तास झोपले हो. सलग."

घरी सासूबाई आठ वर्षं अंथरुणावर. डावं अंग लुळं, उजवा हात आणि जीभ शाबूत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ फुटते. दिवसा एक बाई येते, बाकीचं सगळं सिस्टर. नवरा पाणीपुरवठ्यात पंपावर. माणूस वाईट नाही. सांगितलं तर करतो, पण सांगावं लागतं.

तीन आठवड्यांनी अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं. कारण एका ओळीचं. अर्जदाराचा परत येण्याचा हेतू स्पष्ट होत नाही. मी चक्रावलेच. नवरा इथे, नोकरी इथे, परतीचं तिकीट जोडलेलं. आणखी काय स्पष्ट करायचं? मग आठवलं. एक पान अर्जदाराने स्वतःच्या हाताने, आपल्या भाषेत लिहून द्यायचं होतं. का शिकायचंय आणि शिकून परत का येणार. ते पान मी न वाचताच भाषांतराला पाठवलं होतं. नक्कल काढून बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अर्जदार वय ४९, प्रकृती ठीक. घरी सासू, अर्धांगवायू, आठ वर्षे. दर दोन तासांनी कूस बदलणे." असं पानभर, अगदी पेशंटच्या कागदावर लिहितात तसं. आणि शेवटी, "परतीबाबत: अद्याप नोंद नाही."

"अहो सिस्टर, हे काय लिहून ठेवलंत?"

"खरं ते लिहिलं."

"नक्की येईन म्हणून लिहायला काय हात झिजतो का?"

त्या थर्मामीटर पुसत होत्या, पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला सात नंबरचं कधी सांगितलं नाही ना मी?"

नोकरीचं पहिलं वर्ष. वॉर्डात तीस पेशंट आणि त्या एकट्या. चार वाजताचा ताप आणि नाडी सगळ्यांच्या कागदावर लिहायची होती. सात नंबरचा माणूस दोन दिवस अगदी ठणठणीत होता. कामाचा डोंगर बघून त्यांनी अडीच वाजताच त्याची चारची नोंद करून टाकली. ताप नाही, नाडी ब्याऐंशी. सव्वातीनला तो माणूस गेला. संध्याकाळी त्याची मुलगी कागद हातात धरून उभी राहिली. भांडायला आली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "चार वाजता बाबांची नाडी ठीक होती म्हणजे ते होते ना तेव्हा? मी चार वाजून पाच मिनिटांनी आले, पाचच मिनिटं उशीर झाला का?"

"काय सांगितलंत?"

"खरं सांगितलं. त्या दिवसापासून जे झालं नाही ते माझ्या हातून लिहिलं जात नाही."

मला वाईट वाटलं, आणि रागही आला. सात नंबरचा माणूस जाऊन सव्वीस वर्षं झाली, त्याच्यापायी ही बाई आता आपलं नशीब घालवणार! अभ्यासक्रम सुरू व्हायला एकतीस दिवस उरले होते. मी झकास मजकूर तयार केला. मातृभूमी, कुटुंब, सेवा, सगळं घातलं. त्यांनी फक्त उतरवून काढायचं. रविवारी मजकूर घेऊन मी त्यांच्या घरी धडकले.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सासूबाईंचा पलंग, खिडकीला लागून. सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी बसून माझा मजकूर समोर ठेवून लिहायला लागल्या. "मी नक्की" इथपर्यंत आल्या आणि घोडं अडलं. पेन तसंच धरून बसल्या.

"लिही की," नवरा आतून म्हणाला. "एवढं काय त्यात!"

"लिहवत नाही," सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "तिथे मला दर दोन तासांनी कुणी उठवणार नाही. गेले कित्येक दिवस मी तेवढ्याचाच विचार करतेय. शिकायचं बाजूलाच राहिलं. दहा आठवडे झोपल्यावर मला परत यावंसं वाटेल का, मलाच माहीत नाही. मग लिहू कसं?"

सासूबाई तोंड भिंतीकडे करून पडल्या होत्या. मला वाटलं, झोपल्यात. त्या भिंतीशीच बोलत असाव्यात तशा म्हणाल्या, "झालेलं लिहितेस ना तू? मग झालेलं लिही. बॅग घेऊन गेली होतीस, ते लिही."

सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला नंतर कळलं ते असं. सासूबाई पडल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी सिस्टर एक दिवस बॅग भरून निघून गेल्या होत्या. दूरच्या गावी, मैत्रिणीकडे. परत यायचं नाही असं ठरवून. घरी ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं होतं आणि आपलं ते खपलं अशीच त्यांची समजूत होती.

"ट्रेनिंगला जाताना कुणी लग्नातला फोटो नेत नाही," सासूबाई म्हणाल्या. "चौथ्या दिवशी आलीस. का आलीस तेही लिही. पोस्टात एकतीस वर्षं शिक्के मारलेत मी. उद्याचा शिक्का आज मारलेला मलाही चालत नाही. पण कालचा मारायला काय हरकत आहे?"

माझा झकास मजकूर घडी घालून मी पर्समध्ये टाकला. तिथे त्याचं काही काम उरलं नव्हतं.

सिस्टरांनी पाऊण तास लिहिलं. मला वाचायला दिलं. "सहा वर्षांपूर्वी मी घर सोडले. परतायचे नव्हते. चौथ्या दिवशी परतले. कारण, पाठ कोण बघत असेल या विचाराने झोप लागली नाही. आल्यावर पाहिले. माकडहाडाशी जखम, दोन बोटे खोल. भरायला सात महिने लागले. जखमांचे काम मी त्या जखमेवर शिकले. त्यानंतर घर सोडलेले नाही. पुढचे सांगता येत नाही." शेवटचं वाक्य खोडा म्हणून मी हातापाया पडले. नाही म्हणजे नाही.

नवा अर्ज गेला आणि या वेळी मुलाखतीला बोलावलं. मी बाहेर बाकावर बसून नखं खात होते. आत काय झालं ते त्यांनीच सांगितलं. काचेपलीकडे त्यांच्याच वयाची एक अधिकारी बाई होती. तिने पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "पुढचं सांगता येत नाही असं का लिहिलंय?"

"कुणालाच येत नाही, म्हणून," सिस्टर म्हणाल्या.

बाईने जखमेच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ती जखम पुन्हा उघडली का कधी?"

"नाही. भरल्यापासून एकदाही नाही."

बाईने काहीतरी टाइप केलं आणि पुढचा नंबर पुकारला. दहा दिवसांनी पासपोर्ट आला, आत व्हिसा चिकटवलेला. अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. सिस्टर म्हणाल्या, "चला, इंजेक्शनं राहिलीत."

निघायच्या आधी त्यांनी घरासाठी एक तक्ता आखला. सत्तर दिवस, दिवसाचे बारा रकाने. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची आणि मग वेळ लिहायची. नवऱ्याला शिकवलं, दिवसाच्या बाईला शिकवलं. विमान रात्रीचं होतं, टॅक्सी पाच वाजता सांगितलेली. मी रजा टाकून दुपारी दीड वाजताच पोचले. सिस्टर बॅगेला कुलूप लावून भिंतीवरचा तक्ता शेवटचा बघायला गेल्या आणि तिथेच थांबल्या.

आजचे सगळे रकाने भरलेले होते. रात्री दहापर्यंत. उद्याचेही चार.

"अगं, पंपावरून यायला उशीर होतो कधी कधी," नवरा म्हणाला. "म्हणून म्हटलं, आधीच भरून ठेवू. कूस तर मी बदलणारच आहे ना!"

त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. खरं तर मीही तेच केलं असतं, रोज करते. पण सिस्टर मटकन खाली बसल्या, जमिनीवर, बॅगेला टेकून. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "टॅक्सीला नको म्हणून सांगा."

एवढ्या रांगा, एवढे कागद, आणि शेवटी हे! मी नवऱ्याला दोन शब्द सुनावणार, एवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"तो कागद काढ भिंतीवरून."

नवऱ्याने काढला.

"फाड. नवा कोरा आण. माझ्या उजव्या हाताला ठेव, आणि पेन दे." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "पाठ माझी आहे. बदलली की नाही ते मला कळतं, याला काय विचारतेस? झाल्यावर मी लिहीन. नाही झाली तर तेही लिहीन. मग हा घरात तोंड कसं दाखवतो ते बघू."

नवऱ्याने कोरा कागद आणि पेन आणून त्यांच्या हाताशी ठेवलं.

"आणि आता जा, आत जाऊन पड," सासूबाई म्हणाल्या. "दोनची हा करील, चारची ही कारकूनबाई करील. तू बघायला यायचं नाहीस."

सिस्टर उठल्या. मला वाटलं, पेन काढून घेतात की काय. त्यांनी सासूबाईंच्या पाठीखालची उशी दोन बोटं सरकवली आणि आतल्या खोलीत गेल्या. दाराशी जाऊन बघितलं तर साडीचा पदरही न सोडवता झोपल्या होत्या, चपला पायात तशाच.

दोन वाजता नवऱ्याने कूस बदलली. धसमुसळेपणा केला म्हणून आईचं बोलणं खाल्लं. सासूबाईंनी लिहिलं. चारला पाच मिनिटं कमी असताना मी हात पुढे केले आणि कूस बदलली. घामाघूम झाले. आठ वर्षं ही बाई ड्यूटी करून वर रात्रभर हे दर दोन तासांनी करतेय, हे तेव्हा कुठे माझ्या अंगाला कळलं.

"लिहा ना," मी म्हटलं. "झालं की."

सासूबाईंनी पेन धरलं होतं, पण लिहीत नव्हत्या. समोरच्या घड्याळाकडे बघत होत्या. काटा बारावर गेला तेव्हा त्यांनी कागद उशीशी ओढला आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, "४:०० कूस बदललेली आहे. पाठ ठीक." थोडं थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, "सून झोपली आहे."

टॅक्सी पाचला यायची होती. पावणेपाचपर्यंत आम्ही त्यांना उठवलं नाही.