उचलता न येणारी पाटी

मास्तर गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कापूसबाजारात मिळाली. अकोल्याहून गाडी घेऊन आलेल्या आमच्या वाड्यातल्या धोंडबानं मला पाहिलं, पण हाक मारली नाही. आधी बैल सोडले, त्यांच्यापुढं कडबा टाकला, मग जवळ येऊन म्हणाला, "रावजी मास्तर गेले, बाप्पा. तापानं. आता शाळेचं कसं होईन?" शेजारी रुईचा नमुना बोटांनी ओढून पाहणारा एक दलाल हसला. "तुमच्यातला मास्तर, अन् तुमची शाळा! गाड्या हाका, गाड्या." मी त्याच्याशी तिथंच भांडलो. भांडण मला येतं, हस्तपत्रकं लिहून लिहून तेच शिकलो आहे. मास्तरांविषयी शांतपणे लिहिणं मात्र जमेना, म्हणून आज काही आठवड्यांनी बसलो आहे. आणि तरीही हा मजकूर पुरता शांत उतरेल अशी हमी देत नाही.

रावजी मास्तर पलटणीत शिकले. गावात ज्याला चावडीची पायरी चढता येत नव्हती, त्याला पलटणीत अक्षरं मिळाली. यात गावानं काय शिकायचं ते शिकावं. चाकरी संपल्यावर ते अकोल्यात आमच्या महारवाड्यात परतले आणि त्यांनी शाळा काढली. ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. ज्याला दोन हात आहेत त्याला काम होतं. आमची माणसं पहाटेपासून गाठी वाहत, बाया सरकी वेगळी करत, आणि पोरांनाही ओढून नेत. मास्तर त्याआधी घरोघरी जाऊन पोरं उठवत. "अवो मास्तर, झोपू द्या ना पोट्ट्याले, दिवसभर राबन तो," एखादी माय म्हणे. "राबाचंच हाय त्याले जलमभर," मास्तर म्हणत, "तासभर माह्याकडं बसू दे." पोरगं डोळे चोळत येई. मीही असाच आलो.

एकदा वाड्यात कोणीतरी विचारलं, हा एवढा कापूस जातो कुठं, आणि भाव एवढा चढला काहून? मास्तरांनी वर्तमानपत्रातलं वाचलेलं सांगितलं. समुद्रापार अमेरिका नावाचा मुलूख आहे, तिथं कापूस वेचणारी माणसं बाजारात विकत घेतात, आणि त्याच गोष्टीवरून तिथं मोठी लढाई जुंपली आहे; तिथला कापूस येईना, म्हणून विलायतेला आपला कापूस हवा झाला आहे. मग धोंडबानं विचारलं, "मंग ते लोक सुटले, तर पहिलं काय करतीन?" मास्तर म्हणाले, "शाळा काढतीन. दुसरं काय?" खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलं, आपण या जगात एकटे नाही...

आता पाटीची गोष्ट. ही मी छापून हजार जणांना वाटली असती, पण मास्तरांनी जिवंतपणी छापू दिली नाही. सरकारी यादीत शाळेचं नाव लागायचं तर शाळा तपासणाऱ्या डिपुटीसाहेबांपुढं परीक्षा द्यावी लागे. आम्हाला सरकारी शाळेच्या अंगणात बोलावलं. साहेब ओसरीवर, आम्ही उन्हात. हिशेब सांगितला, आम्ही पाट्यांवर सोडवला आणि पाट्या जमिनीवर ठेवल्या. शिपाई आला. आमच्या हातची वस्तू थेट कशी उचलायची? त्यानं रिवाजाप्रमाणे प्रत्येक पाटीवर तांब्यातलं पाणी शिंपडलं, मग उचलली, पुसली आणि साहेबांपुढं ठेवली. पाट्या शुद्ध झाल्या होत्या आणि कोऱ्याही. साहेबांनी एकेक उलटून पाहिली. "एकालाही काही येत नाही?" असं विचारून सगळ्यांना नापास केलं. मास्तर हात जोडून "साहेब, पाणी..." म्हणाले, तोवर पुढल्या शाळेचा पुकारा झाला होता. वाचकहो, यात कोणी लबाडी केली नव्हती. ती सवय होती. लबाडाला निदान लाज आणता येते. सवयीला काय आणाल?

परतताना आमच्यातली धोंडबाची सगुणा, दहा-एक वर्षांची पोर, रडत होती. तिचा हिशेब बरोबर होता. मास्तर पहिल्यांदा हसले. "पाणी शिंपलं का पाटी शुद्ध होते अन् पोट्टं नापास होते. लय महागाचं पाणी हाय, बाई."

पुढल्या परीक्षेआधी त्यांनी शाळेची आतली भिंत, दाराच्या अगदी समोरची, काळ्या मातीनं लिंपून घेतली. त्यांची बायको गिरजामाय आणि वाड्यातल्या बायांनी ती घासून गुळगुळीत केली. शेतातून चुनखडीचे खडे वेचून आणले, तेच आमचे खडू. मग मास्तर स्वतः डिपुटीसाहेबांकडं गेले आणि अंगणातूनच म्हणाले, "साहेब, औंदा आमची पाटी जड हाय. उचलून आणता येत नाही. तुमालेच यावं लागन." साहेब नियमाचा माणूस. शाळा तपासायची तर शाळेत जायला हवं, हे त्यालाही नाकारता येईना. तो आला. दाराशी थांबला आणि तिथूनच वाचू लागला. पण मास्तरांनी आम्हाला आधीच बजावलं होतं, "बारीक लिव्हा रे पोट्टेहो. मुंगीवानी लिव्हा." दारातून एक अक्षर लागेना. साहेबानं डोळे बारीक केले, मान पुढं काढली... आणि शेवटी आत आला. भिंतीशी आला. वाचता वाचता सगुणाच्या भागाकारापाशी थांबला. बाकी चुकली होती. त्याच्यातला शिक्षक जागा झाला असावा. त्यानं तिच्या हातातला खडा घेतला आणि भिंतीवर बरोबर आकडा मांडला. मग आपण काय केलं हे त्याच्या ध्यानात आलं, खडा खाली ठेवून तो बाहेर पडला. पण शाळा पास झाली.

वाड्यात किती दिवस तेच चाललं होतं. साहेब आत आला, साहेबानं पोरीच्या हातचा खडा घेतला! मास्तर वैतागले. "हात लागला म्हणून कौतुक नोका करू. तो काय देव हाय? बाकी काहून चुकली ते पाहा आधी." आणि सगुणाला तोच भागाकार पुन्हा मांडायला लावला. माझं सगळं पत्रकलेखन या एका वाक्यावर उभं आहे.

मी बातमी ऐकून अकोल्याला पोचलो, तेव्हा सरकारी निरोप येऊन थडकला होता. लायक मास्तर दाखवा, नाहीतर यादीतून शाळेचं नाव काढू. बाहेरचा मास्तर महारवाड्यात येणार नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होतं. माणसं शाळेत जमली. मी मोठं भाषण ठोकलं. ते संपल्यावर गिरजामाय म्हणाली, "बोलला बरा. पण शिकवन कोण?" कोपऱ्यातून आता मोठी झालेली सगुणा म्हणाली, "मी शिकवीन." एक म्हातारा खवळला. "बाईमाणूस मास्तर? अन् साहेब आला का पदर घेऊन लपशीन?" सगुणा म्हणाली, "बाबा, साहेबानं माह्या हातचा खडा घेतला, तवा तुमी कुठी लपले व्हते?" धोंडबाच आधी हसला, मग सगळे.

भिंतीवर मास्तरांच्या हातचा शेवटचा धडा तसाच होता. कोणाला पुसवेना. मीच म्हणालो, हा राहू द्या, आठवण म्हणून. गिरजामायनं माझ्याकडं पाहिलं. "अन् पोट्टे लिवतीन कुठी? तुह्या डोक्श्यावर?" ती मातीचा गोळा घेऊन बसली आणि वरपासून लिंपू लागली. नवऱ्याचं अक्षर हाताखाली जाताना तिचा हात एकदाही थांबला नाही. मला तिथं थांबवेना, मी बाहेर गेलो.

डिपुटीसाहेब अजून यायचे आहेत. ते सगुणाला लायक ठरवतील का, मला ठाऊक नाही. नाही ठरवलं तर माझी पत्रकं तयार आहेत. पण त्या सकाळी मी आत परत आलो, तेव्हा पोरं ओळीनं बसली होती. सगुणानं भिंतीवर तळहात टेकवून पाहिला.

"वली हाय अजून," ती म्हणाली. "वाळतवर पाढे म्हना. मोठ्यानं. बजारापावत जाऊ द्या."