खाकी पाकिटातला रुपया

वडिलांनी मला चांदीचे तीन राणीछाप रुपये दिले आणि मी ते तीन ठिकाणी ठेवले. त्यात काही विचार वगैरे नव्हता. एक हौसेने आणलेल्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये घातला, तर दोन-चार पावसाळ्यांत त्याला हिरवट चिकटा धरला. दुसरा रबर बँड लावून टेबलाच्या खणात टाकला. त्याच्या अंगावर काळा पट्टा उमटला, तो आजही आहे. तिसरा मात्र ज्या खाकी पाकिटातून आला, त्याच पाकिटात कपाटाच्या वरच्या फळीवर पडून राहिला. निव्वळ आळस. बऱ्याच वर्षांनी तो बाहेर काढला आणि मी बघतच राहिले. कडेला निळा-जांभळा, त्याच्या आत तांबूस, आणि राणीच्या गालापाशी मधासारखा पिवळा.

असल्या कागदात थोडा गंधक असतो आणि आमच्या रत्नागिरीची हवा कायम दमट. दोघांनी मिळून चांदीवर हळूहळू रंग चढवला होता. नाणी जमवणारे असा रंग जिवापाड जपतात. घासून लख्ख केलेलं नाणं त्यांच्या मनातून उतरतं. तेव्हापासून मीही त्या रुपयाला कुणाला हात लावू दिला नाही. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला तो ताटात बसायचा आणि पुन्हा पाकिटात जायचा. आमचे हे म्हणायचे, हिने नवऱ्यापेक्षा रुपयाला जास्त जपलं. म्हणोत बापडे.

मुलगा जयगडला बंदरात नोकरीला. त्याने कोल्हापूरची मुलगी केली. पोरगी गुणाची, पण आमटीत चिंच घालायची. "इथे आमसूल गो, आमसूल!" मी तिला येता-जाता टोकत असे. पहिल्या दिवाळीला देवाची तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने घासायला मीच तिला शिकवलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी फुलं घेऊन बाजारातून आले, तर ताटातल्या तांदळांवर माझा राणीछाप आरशासारखा चमकत होता.

"हे काय करून ठेवलंस गो?" माझा आवाज चार घरं गेला असणार.

ती पांढरीफटक पडली. "तुम्हीच सांगितलं की आई, इथं सगळ्याला आमसूल."

आपलेच दात, आपलेच ओठ. पूजा झाली, पण ती धड जेवली नाही आणि मीही. रुपयाचं दुःख होतंच. त्याहून जास्त भीती वाटत होती ती वेगळीच. पहिल्याच सणाला मी असं ओरडले, आता ही पोर या घरात जन्मभर बिचकून वावरणार.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावलं आणि तिच्यासमोर रुपया त्याच खाकी पाकिटात घातला. म्हटलं, "रंग परत येतो. अगदी तस्साच येईल असं नाही, पण येतो."

"किती दिवस लागतील?"

"दिवस कसले, वर्षं. तोवर मी असेन-नसेन."

"असं बोलायचं नाही," ती एकदम रागावून म्हणाली. तिने मला दटावलं ते तेव्हा पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं.

मग तिने मोबाइलवर काय काय वाचून काढलं. उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात ठेवलं की म्हणे चांदीला झटपट रंग येतो. "लक्ष्मीचा रुपया अंड्याच्या डब्यात?" मी डोळे वटारले. शिवाय असा रंग जाणकाराला लगेच कळतो, पावडर थापलेल्या तोंडासारखा. दोघी हसलो. तेव्हापासून अधूनमधून ती पाकीट काढायची, रुपया नुसता कडेला धरून खिडकीशी तिरका करायची आणि म्हणायची, "नाही अजून."

यंदा दिवाळीच्या तोंडावर तिची हाक आली. "आई, आलं बघा!" मला काही दिसेना. चष्मा पुसला, नाणं तिरकं केलं, तेव्हा दिसलं. एका कडेला तुपासारखी पिवळी झाक, नखाएवढी. मी तिला जवळच घेतलं.

दिवाळी सरली आणि मुलाला नाशिकला नोकरी लागली. चांगली होती, नाही कशी म्हणणार? सामान बांधताना मी पाकीट तिच्या हातात ठेवलं. म्हटलं, आता हे तुझं.

तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. "नाशिकची हवा कोरडी आई. तिथं रंग चढायचा नाही. इथंच राहू दे. आम्ही दर दिवाळीला बघायला येतो की."

वळून पाकीट फळीवर ठेवलं, डोळे पुसले आणि म्हटलं, "या. पण आमसुलाला हात लावायचा नाही."