पियेदादीचं अर्धं पान

तीन बस बदलून पाळीला जायचं म्हणजे आता माझ्या जिवावर येतं. चोपड्याहून म्हापसा, म्हापशाहून साखळी, साखळीहून पाळी. प्रत्येक बसची पायरी मागच्या बसपेक्षा उंच, आणि कंडक्टर आपला ‘फुडें वच, फुडें वच’ म्हणून ढकलतोय. मला सदुसष्टावं लागलंय, गुडघे केव्हाच गेलेत. तरी त्या दिवशी गेले. पियेदादीनं लिहिणं सोडलं होतं आणि ते माझ्यामुळं सोडलं होतं. चार वर्षं मी हे घेऊन चर्चमध्ये मिसाला जात होते, बाजारात जात होते, जेवत होते. दमले होते मी त्यानं. म्हटलं, एकदाचं तोंडावर बोलून यावं, शिव्या घातल्या तर ऐकून घ्याव्यात.

पियेदाद फर्नांडिस म्हणजे काही मोठी असामी नव्हे. पाळीला कपेलामागं, छोट्या चर्चच्या मागं, तिचं घर, दारातच शिलाई मशीन. ब्लाउज, नायटी, शाळेचे युनिफॉर्म, साडीला फॉल लावणं, असली कामं. नवरा जुझे खाणीवर मशीन चालवायचा. तिचं माहेर पेडण्याचं. आमच्या काळात पेडण्यातल्या कितीतरी ख्रिश्चन पोरी सरकारी मराठी शाळेत शिकल्या, कारण चालत जाण्यासारखी तीच एक शाळा होती. त्यामुळं घरी कोकणी, इगर्जीत म्हणजे चर्चमध्ये कोकणी, आणि लिहायला बसलं की हातातून मराठी येते. मी तर चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. आम्ही दोघी आपसांत कोकणीच बोलतो, इथं मराठीत घालून सांगतेय. एखादा शब्द तसाच राहिला तर राहू दे.

वीसेक वर्षांपूर्वी डिचोलीत कथालेखनाचं शिबिर होतं, तिथं ती पहिल्यांदा भेटली. आम्ही चार ख्रिश्चन बायका मागच्या बाकावर बसलो होतो. चहाच्या सुट्टीत जो तो येऊन म्हणायचा, ‘ख्रिश्चन असून किती छान मराठी बोलता!’ पहिल्यांदा बरं वाटलं. पाचव्यांदा डोकं फिरलं. सहाव्या गृहस्थाला पियेदाद शांतपणे म्हणाली, ‘तुमचीसुद्धा बरी आहे हां.’ बिचारा बिस्कीट घेऊन निघून गेला. मी हसून हसून चहा साडीवर सांडला, आणि आमची मैत्री झाली.

त्या चौघींत मी, पियेदाद, पेडण्याच्या दवाखान्यातली नर्स सेवरीन आणि डिचोलीची लुदोविन. आम्ही एक जाड वही घेतली. नाताळाच्या आधी आमच्या गावांत सायबीण फिरते, म्हणजे आमच्या माउलीची, येशूच्या आईची मूर्ती. आज ह्या घरात, उद्या त्या घरात. ज्या घरी ती राहिली, त्याच घरची माणसं तिला गात गात पुढच्या घरी नेऊन पोचवतात. आमच्या वहीलाही तोच नियम लावला. प्रत्येकीकडे महिनाभर, आणि महिना झाला की आपलं लिखाण घालून स्वतः पुढचीच्या घरी नेऊन द्यायची. पोस्टानं नाही, कुणाच्या हातून नाही. आलेलं लिखाण वाचायचं आणि त्याखाली काय आवडलं ते दोन ओळींत लिहायचं. खोड काढायची असेल तर तोंडानं, चहा पिताना.

बाहेरून हे गमतीचं वाटेल. पण आम्हाला दुसरं होतं कोण? घरचे म्हणायचे, लिहून काय मिळतं. चर्चमधली माणसं म्हणायची, मराठीत कशाला. मराठीवाले म्हणायचे, वा, ख्रिश्चन असून! लिहिलेलं नुसतं लिखाण म्हणून वाचणाऱ्या ह्या तिघीच.

माझे यजमान गेले तेव्हा मी पेन बंद करून ठेवलं होतं. पियेदाद पाळीहून तीन बस बदलून आली. वही मेजावर ठेवली, बांगड्यांचं हुमण, म्हणजे माशांचं कालवण केलं, मला वाढलं, भांडी घासली आणि ‘लिही’सुद्धा न म्हणता गेली. पुढच्या महिन्यात परत आली. माझी पानं कोरीच होती. परत हुमण केलं. पाचव्या खेपेला मला लाज वाटून मी दोन पानं लिहिली. अशी बाई ती. आणि तिलाच मी दगा दिला.

सेवरीन पुढं मुलाकडे इंग्लंडला गेली. लुदोविन कोविडात गेली. वहीला दोनच घरं उरली, चोपडे आणि पाळी. त्याच सुमारास पियेदादीनं एक कथा लिहिली. वहीत नाही, सुट्या फुलस्केप कागदांवर. दिवाळी अंकाला द्यायची होती, आणि टाईप मी करणार होते. तोवरच्या तिच्या सगळ्या कथांत ती उजवी होती.

कथा तिच्याच घरची होती. खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्यात, नवरा आठ महिने घरात भिंतीकडे तोंड करून निजतोय, आणि त्यातच सायबीण घरी यायचा दिवस येतो. नको म्हणता येत नाही. चाळीस माणसं येणार, त्यांना उकडलेले चणे द्यायचे, माउलीपुढं मेणबत्त्या, फुलं. ती सगळं करते. माणसं जमतात, वाती लागतात, घर उजळतं. आणि शेवटचं अर्धं पान होतं ते तेर्साचं. सगळे जपमाळ म्हणतायत, तिचे ओठ हलतायत, आणि ती प्रार्थना करत नाहीये.

ते अर्धं पान मी गाळलं. घर उजळलं, तिथंच कथा संपवली आणि अंकाला पाठवून दिली.

का गाळलं? तेव्हा मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तिच्या दोन मुली लग्नाच्या आहेत, कपेलातली माणसं नावं ठेवतील. मराठी वाचणारे म्हणतील, बघा, ह्यांचं हे असं. आम्ही मोजून चार बाया मराठीत लिहिणाऱ्या, त्यात हे कशाला चव्हाट्यावर. तिला विचारायला वेळ नव्हता, पाळीला रेंज नसते, असंही म्हटलं. खोटं. रेंज होती. मी फोनच केला नाही, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. आणि टाईप झालेले कागद मी नेहमी परसातल्या पाचोळ्याबरोबर जाळते, तसे तेही जाळले. दुसरी प्रत नव्हती.

कथा छापून आली आणि सगळीकडे वाहवा झाली, तेच वाईट झालं. पाद्रीनं मिसाला तिचं नाव घेतलं. म्हणाला, संकटातही श्रद्धा कशी ठेवावी ते आपल्या पियेदादीनं किती सुंदर लिहिलंय. माणसं येऊन तिचे हात धरायला लागली. चर्चच्या सणाच्या, फेस्ताच्या स्मरणिकेला भक्तीवर चार शब्द द्या म्हणून पाठी लागली. तिनं मला एकदाच फोन केला. ‘टीचर, शेवट कुठं गेला?’ मी म्हटलं, ‘संपादकांनी काढला असेल गो.’ ती ‘बरं’ म्हणाली. तिला कळलं होतं. वही तेव्हा तिच्याकडे होती, ती परत आलीच नाही. फोन केला की ती गुडघ्यांची चौकशी करायची, मुलींचं सांगायची. लिखाणाचा विषय निघाला की मशीनचा आवाज सुरू व्हायचा.

आणि सेवरीन दर रविवारी तिकडून विचारायची, वही कुठं पोचली? मी म्हणायची, पाळीला. चार वर्षं एकच उत्तर देऊन माझंही तोंड दुखायला लागलं.

तर मी पोचले तेव्हा अकरा वाजले होते, ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. पियेदाद मशीनवरच होती. केस किती पांढरे झालेत तिचे, आणि खांद्यातून वाकलीय. ‘आयलीस गो?’ म्हणाली, जशी मी मागच्या आठवड्यात येऊन गेलेय. पाणी दिलं, पंखा माझ्या बाजूला वळवला आणि परत मशीनवर बसली. जुझे पिकअप घेऊन बाहेर गेला होता. उंबऱ्यावर शेजारची सुविधा तांदूळ निवडत बसली होती. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर, मूळची सावंतवाडीकडची. मला पाहून ती उठून गेली.

मी फार वाट पाहिली नाही. म्हटलं, ‘पियेदाद, शेवट मी कापला. संपादकांनी नाही.’

‘माहीत आहे.’

‘आणि खोटंही बोलले.’

‘तेही माहीत आहे.’ मशीन चालू झालं, थांबलं. ‘रागावून रागावून मी थकले टीचर. आता काही नाही.’

‘मग लिहीत का नाहीस? माझ्यावरचा राग लिखाणावर कशाला काढतेस?’

तिनं मान वर केली. ‘लिहित्ये की. कुणी सांगितलं लिहीत नाही म्हणून? ही सुविधा ऐकते. शाळा फारशी झालेली नाही तिची. वाचलं की म्हणते, मग? मी पुढचं लिहिते. तुझ्या वहीत नाही लिहीत, एवढंच.’

तोंडात मारल्यासारखं झालं मला. चार वर्षं मी तिच्यासाठी रडत होते, तिचं लिखाण बुडवलं म्हणून छाती बडवून घेत होते, आणि ती आपली सुखानं लिहीत होती. बुडाले होते ती मी. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. वाईट वाटलं, रागही आला, आणि त्या सुविधेचा तर मला त्या क्षणी चक्क हेवा वाटला. काय केलं होतं तिनं? तांदूळ निवडले आणि ‘मग’ म्हटलं. हुमण मी खाल्लेलं, इतकी वर्षं वही मी वाचलेली!

‘वाचून दाखव की मला एखादं,’ मी म्हटलं.

‘आज नको.’

मग मी हट्टाला पेटले. चौतीस वर्षं टीचर होते, हार मानायची सवय नाही. वही कुठंय विचारलं. तिनं कपाटाकडे बोट केलं. मी वही काढली, धूळ झटकली, आणि म्हटलं, ‘कापलेलं मी परत लिहून देते. शब्दन् शब्द पाठ आहे मला. रोज आठवतं.’ मी मेजाशी बसले आणि लिहिलं. खरंच पाठ होतं, कुठं अडले नाही. पंधरावीस मिनिटांत अर्धं पान झालं. तिच्यासमोर धरलं.

तिनं चष्मा लावला, वाचलं. परत वाचलं.

‘हे माझं नाही,’ ती म्हणाली.

‘तुझंच आहे गो.’

‘हे काय लिहिलंयस? “सगळे तेर्स म्हणत होते, माझे ओठ हलत होते, पण माझं मन प्रार्थनेत लागलं नाही.” असं मी लिहिलंच नव्हतं. मन लागलं नाही? मन लागलं नाही ते मुलांचं, इगर्जीत. माझं मन चांगलं ठिकाणावर होतं.’

मी म्हटलं, ‘तसंच काहीतरी होतं.’

‘नव्हतं,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही. ‘आधी तू ते कापलंस. मग आठवलंस तेसुद्धा धुऊन पुसून आठवलंस.’

ज्या ओळीसाठी मी चार वर्षं स्वतःला कोसत होते, ती ओळ माझ्यापाशी नव्हतीच. वाचतानाच मी ती बदलून घेतली असणार. मला झेपेल एवढीच वाचली असणार. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते म्हातारपणाचं नव्हतं.

पियेदादीनं माझ्या हातातलं पेन घेतलं. माझ्या ओळीवर रेघ मारली. मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर मारली तशीच, पट्टी न लावता. आणि खाली लिहिलं, ‘सगळे तेर्स म्हणत होते. माझे ओठ हलत होते. मी प्रार्थना केली नाही. मुद्दाम केली नाही. माउलीच्या तोंडाकडे सरळ बघून केली नाही.’

मी वाचलं. चांगलं आहे म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

ती थांबली नाही. पुढं लिहीतच गेली. जुन्या कथेत माझ्या आठवणीत तरी ह्यापुढं काही नव्हतं. मशीनवर कुणाचं तरी अर्धं ब्लाउज तसंच अडकून राहिलं होतं. मी मेजाजवळच्या कदेलीवर बसून राहिले, पाण्याचा पेला घेऊन. साखळीची बारा वाजताची बस गेली, तिचा आवाज ऐकला. सुविधा दारात आली, ‘झाला काय ब्लाउज?’ म्हणाली. पियेदाद म्हणाली, ‘उद्या ये.’

मग पान उलटताना, वर न बघताच मला म्हणाली, ‘वही इथंच ठेवून जा, टीचर. आणि वाचायचं नाही हां तू. पुरं झालं की मी येईन चोपड्याला. मी वाचीन, तू ऐक.’

मी बरं म्हटलं.