सोळाशे ग्रॅमचा चाप

दाजींनी मला त्यांची जुनी रायफल दिली, आणि तिचा चाप किती वजनाला सुटावा हेही त्यांनीच ठरवून टाकलं. पहिल्या गोष्टीबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. दुसरी मी ऐकली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जर्मनीत गेर्लिंगेनला इंजिनिअर. मी नववीतून शाळा सोडलेला, साताऱ्याजवळ हायवेवरच्या हॉटेलात भट्टीपुढे उभा राहणारा. त्यांनी शब्द टाकला म्हणून जवळच्या ब्योब्लिंगेनच्या एका भारतीय रेस्टॉरंटात तंदूरवर माझी वर्णी लागली. व्हिसाच्या कागदांपासून पहिल्या थंडीतल्या कोटापर्यंत सगळं त्यांनी केलं. त्यांना शिकारीचा नाद. मचाणाच्या फळ्या ठोकायला, पडलेलं हरीण गाडीपर्यंत ओढायला सोबत हवी, म्हणून शिकारीच्या परवान्याच्या वर्गालाही त्यांनीच मला घातलं. ती परीक्षा इतकी अवघड की इथले लोक तिला चेष्टेने 'हिरवं आबिटूर' म्हणतात. आबिटूर म्हणजे इथली बारावी. मी पास झालो. ताईने पुरणपोळ्या केल्या, दाजींच्या ऑफिसातली पुण्याची मंडळी जेवायला आली. त्यातल्या एका वहिनींनी माझं अभिनंदन केलं, तेव्हा दाजी तूप वाढून घेत म्हणाले, "अहो, ह्याचं शिक्षण झालं ते एवढंच. तेही हरणांनी करून घेतलं."

सगळे हसले. माझी भाची मराठी समजते पण बोलते जर्मनच. तिला ते नीट कळलं नाही, म्हणून दाजींनी तिला तेच जर्मनमध्ये पुन्हा सांगितलं. मग तीही हसली. ताई आमटीच्या पातेल्यात बघत राहिली. मीसुद्धा हसलो, आणि हसता हसताच ठरवलं की ह्या माणसाला एकदा लोकांदेखत माझ्यापुढे टोपी काढायला लावायची.

ते कसं, हे मला वर्गातच कळलं होतं. इथे कुणाला शिकार साधली की त्याच्यासोबत बसलेल्याने झाडाची एक डहाळी मोडायची, जनावराच्या रक्ताला टेकवायची, आपली टोपी काढून तिच्यावर ती ठेवायची आणि शिकाऱ्यापुढे धरून 'वाइडमान्सहाइल' म्हणायचं, म्हणजे शिकार साधल्याबद्दल अभिनंदन. समोरचा कितवी शिकलाय हे कुणी विचारत नाही. फक्त माझा नेम लागायला हवा होता. चुकलो असतो, तर दाजींना जन्मभर पुरेल इतकं हसू मीच त्यांच्या हातात दिलं असतं.

म्हणून चापाचा प्रश्न आला तेव्हा माझी झोप उडाली. आम्ही बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने चापाला वजनाचा काटा अडकवून ओढला. सातशे ग्रॅमला चाप सुटला. दाजींनी तो तसाच लावून घेतला होता आणि तसाच ठेवायचा म्हणाले. नुसता श्वास सोडला की गोळी सुटते, हात हलायला वेळच मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला नेमकी त्याचीच भीती. माझं बोट घाबरलं की आपोआप आखडतं, आणि मचाणावर शेजारी दाजीच असणार.

म्हाताऱ्याने खोटं काडतूस भरून मला ओढायला दिलं. सातशेला मला कळायच्या आत खटका पडला आणि मी दचकलो. दाजी हसले. त्याने वजन पार वाढवलं, तर ओढताना नळीचं टोकच सरकायला लागलं. मग तो थोडं थोडं कमी करत गेला. सोळाशेला बोट चापावर टेकून राहिलं. मी म्हणेपर्यंत काहीच होईना.

"सोळाशे?" दाजी म्हणाले. "अरे, हा काय ट्रॅक्टरचा क्लच आहे का?"

हाही विनोद त्यांनी जर्मनमध्ये करून सांगितला. म्हातारा हसला नाही. हरणासाठी तो साधारण बाराशे ठेवतो, पण हे चालेल, बोट ज्याचं त्याने ठरवावं, असं तो मला म्हणाला. मी सोळाशेच म्हटलं. दाजींसमोर त्यांच्याहून वेगळं काही बोलण्याची ती माझी पहिली वेळ.

मे महिन्यात, रिमझिम पावसात आम्ही मचाणावर बसलो. शिकारीचा हक्क ज्याच्याकडे आहे त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने एक वाकड्या शिंगांचा नर मारायला सांगितला होता. दाजी मागचं वर्षभर त्याच्यावर डोळा ठेवून होते, पण शेतकरी म्हणाला, ह्या वेळी नव्या माणसाची पाळी. दाजी निमूट सोबतीला आले.

नर झाडीतून बाहेर आला आणि तिरका उभा राहिला.

"ओढ," दाजी माझ्या कानात म्हणाले.

सातशेचा चाप असता तर त्या शब्दालाच सुटला असता. माझं बोट आखडलंही, पण काही झालं नाही. मी नर आडवा वळायची, त्याची बरगडी समोर यायची वाट बघत राहिलो.

"अरे, रोटी काढायला तरी एवढा वेळ लावतोस का? जाईल तो."

त्यांचा श्वास जोरजोरात माझ्या कानावर येत होता. मला ते आवडलं. नर वळला तरी मी आणखी एक श्वास त्यांना ताटकळत ठेवलं आणि मग चाप दाबत गेलो. नर जागेवरच कोसळला.

आवाज ऐकून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. दाजींनी स्प्रूसच्या झाडाची डहाळी मोडली, रक्ताला लावली आणि नुसत्या हाताने पुढे केली. "घे. झालं मनासारखं?"

मी घेतली नाही. माझी टोपी मी आधीच काढली होती. "टोपीवर ठेवून देतात, दाजी."

"आता इथे नाटकं नकोत."

शेतकऱ्याला मराठी काय कळणार. पण त्याने माझं उघडं डोकं पाहिलं, दाजींची टोपी पाहिली, आणि स्वतःची काढली. मग दाजींना काढावीच लागली. विरळ केस ते एका बाजूने आणून टक्कल झाकतात. पावसाने ते कपाळावर आले. टोपीवर डहाळी ठेवून ते 'वाइडमान्सहाइल' म्हणाले. उत्तर द्यायची मला घाई नव्हती. डहाळी माझ्या टोपीच्या पट्टीत खोचली, वाकडी वाटली म्हणून काढून पुन्हा खोचली, टोपी डोक्यावर सारखी केली, आणि मग आभार मानले. तेवढा वेळ ते भिजत उभे होते.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. आवाज बारीक होता, म्हणजे दाजी घरातच असणार. ज्यांनी तुला इथे आणलं त्यांना तू टोपी काढायला लावलीस, म्हणाली. मी म्हटलं, हो. आणलं त्यांनीच, तेही मी विसरलेलो नाही. मला वाटलं, आता ओरडणार.

"केस कपाळावर आले होते का रे?"

"पार डोळ्यांपर्यंत."

"बरं," ती म्हणाली. "रविवारी जेवायला ये."