बसलेला बैल

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, शाळेतल्या बायकांपाशी तर नाहीच नाही. त्या म्हणाल्या असत्या, "हात्तिच्या, एवढंच होय!" — आणि विषय डब्यातल्या भाजीवर गेला असता. एवढंच असतं तर मी इतकी वर्षं गिळून का बसले असते? तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, त्यानं जरा सोपं जातं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. नागपुरात, वाडीकडे. तिसरीचा वर्ग माझा, आणि हस्तकलाही माझ्याच गळ्यात — का, तर म्हणे माझं अक्षर चांगलं! मुलांकडून कागदाची फुलं, मातीची फळं, खोक्यांची घरं करून घ्यायची, प्रदर्शन मांडायचं, फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. आता, जे कोणतीच बाई तुम्हाला सांगणार नाही ते मी सांगते. त्या प्रदर्शनातलं निम्मं काम बाईंचं असतं. आम्ही त्याला 'फिनिशिंग' म्हणतो. लेकरानं फूल चिकटवलं की पाकळ्या सरळ करायच्या, रंग बाहेर गेला की कडेनं काळी रेघ ओढायची. सगळ्याच करतात. मी जरा जास्तच करायचे. माझे हात शिवशिवतात, काय करू बाप्पा? वाकडं दिसलं की मला राहवत नाही. लोकांच्या घरी गेले तर भिंतीवरचे फोटोसुद्धा सरळ करून येते मी.

पण फिनिशिंगसाठी काही मी हे लिहायला बसले नाही.

तान्हा पोळा तुम्हाला माहीत असेल. नसेल तर — पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी बैल सजवतात आणि चाकांवर ओढत घरोघर फिरवतात. शाळेत आम्ही तो सुट्टीच्या आधीच उरकतो. त्या वर्षी मी ठरवलं, विकतचे बैल नकोत. घरातल्या टाकाऊ वस्तूंमधून प्रत्येकानं आपला बैल करायचा, वर्गातच, माझ्यासमोर. हेडमॅडम एकदम खूश. पाहुण्या बोलावल्या, बक्षिसं ठरली, मैदानात तोरण बांधायचं आणि त्याखालून बैलांची रांग ओढत न्यायची, असा सगळा थाट.

वर्गात आरोही नावाची मुलगी होती. वडील वाडीतल्याच एका गोदामात हमाली करायचे, भाड्याची खोली, गाव नरखेडकडचं. फार बोलायची नाही, पण बोलली की थेट. तिनं गोदामातलं एक खोकं आणलं, फाटकं पोतं आणलं आणि मान वर न करता बैल केला. बसलेला. पाय पोटाखाली दुमडलेले, मान एका बाजूला वळलेली, जबडा वाकडा — रवंथ करत असल्यासारखा. मी म्हटलं, अगं, सगळ्यांचे उभे आहेत, तुझाच का असा? तर म्हणते, "पोळ्याले काम नसते न त्याले, मॅडम. म्हणून बसून राहिला."

खरं सांगू? मला हसू आलं, आणि रागही आला. बसलेला बैल ओढायचा कसा? चाकं लावायची कुठे? अख्खी रांग देखणी निघणार आणि मध्येच हे पोत्याचं गाठोडं! पाहुण्यांना वाटणार, बाईंचं लक्षच नाही. लेकराच्या बैलाचं काय होतंय हे माझ्या डोक्यातच नव्हतं — मला माझी वाहवा हवी होती. झालं, लिहून टाकलं एकदाचं.

शाळा सुटल्यावर मी वर्गात थांबले. तिच्या बैलाचे दुमडलेले पाय कात्रीनं कापले. पोतं सोलून काढलं. माझ्या दिराचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे, तिथून तागे गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणलेल्या होत्या. त्यांचे चार पाय केले, खाली चाकं लावली. मान सरळ केली. सोनेरी कागद, लाल झूल, शिंगांना बेगड. असा रुबाबदार बैल उभा राहिला की मीच मागे सरून पाहत बसले. पोटाखाली तिच्या नावाची पट्टी चिकटवली. तिचं जे होतं ते केराच्या डब्यात गेलं. तेव्हा मला काही वाईट वाटलं का? नाही. भूक लागली होती आणि घरी जायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी तो बैल पहिला आला. यायचाच. चाळिशीच्या बाईनं केलेला बैल लेकरांच्या बैलांशी भिडल्यावर दुसरं काय होणार? पाहुण्यांनी आरोहीला जवळ घेतलं, तिच्यापुढे माइक धरला आणि कौतुकानं विचारलं, कसा केलास गं? ती बैलाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी नाही केला. माझा बसला होता. हा मॅडमनं केला."

सगळं मैदान हसलं. पालक, बाया, शिपाई — सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हेडमॅडमच्या भुवया वर गेल्या. आणि मी काय केलं? मीही हसले. चांगली खळखळून हसले. तिच्या खांद्यावर हात ठेवला — पाहणाऱ्याला कौतुकाचा वाटावा असा, पण दाबून — आणि माइकवर म्हटलं, "घाबरली बिचारी. बेटा, खोटं नाही बोलायचं. वर्गात सगळ्यांसमोर तूच केलास की नाही?" ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. खांद्यावरचा हात मी काढला नाही. ती म्हणाली, "हो."

टाळ्या पडल्या.

निदान तिथं तरी थांबायचं — पण नाही. तिचे वडील मागे उभे होते, काम सोडून आलेले. कार्यक्रम संपल्यावर तिला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आले. माणूस शरमेनं अर्धा झाला होता. "माफ करा मॅडम, घरी अशी नाही करत हो." मग तिच्याकडे वळून, "काहून वं? एवढ्या लोकाईसमोर मॅडमले खोटं पाडते?" आणि एक चापट. जोरात नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणूनच ना? मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य मला येत नव्हतं असंही नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या न भाऊ, लहान आहे. मी नाही मनावर घेतलं." म्हणजे मी तिला माफ केलं! खरं बोलल्याबद्दल मी त्या लेकराला माफ केलं, आणि तिच्या बापानं हात जोडून माझे आभार मानले.

घरी येऊन मी जेवले, झोपले. झोपही लागली. रात्रभर तळमळले वगैरे लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, मलाही. तसं काही झालं नाही.

दिवाळीच्या आधी वर्गात आकाशकंदील करायचे होते. मुलं कामट्या, पतंगाचा कागद, डिंक पसरून बसली होती, नुसता कलकलाट. आरोही आपलं सगळं सामान घेऊन माझ्या टेबलाशी आली. ना राग, ना रुसवा. सामान नीट मांडलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच करून द्या." मी म्हटलं, तू कर की गं. तर म्हणे, "माझं चुकते."

तेव्हाही सांगता आलं असतं. कोणाचं लक्ष नव्हतं. नुसतं हळूच म्हणायचं होतं — बाळा, त्या दिवशी तू खरं बोलली होतीस. मी कामट्या बांधायला घेतल्या.

ती शेजारी उभी राहून पाहत होती. कंदील झाला, चांगलाच झाला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि मला विचारलं, "कोणी विचारलं तं मीच केला म्हणायचं न, मॅडम?"

समोर पाहुण्या नव्हत्या. माइक नव्हता. हेडमॅडम नव्हत्या.

मी 'हो' म्हटलं.