पूर्ण आराम

मैत्री, रोहन — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना ते असताना सांगितलं नाही, तुमच्या बाबांना तर नाहीच. जन्मभर पांढुर्ण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तुमच्या वाढदिवसालाही इंग्रजीतच लिहिते. पण हे मराठीत लिहिते आहे. का, ते पुढे कळेल.

तुमच्या आईबद्दल आहे. तिच्या गुडघ्याबद्दल.

तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट अशी — आई बास्केटबॉल खेळायची, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिने व्यायामाचा आळस केला, पाय आखडला, खेळ संपला. बरोबर ना? मागे सौंसरला आलात तेव्हा रोहन अंगणात तिच्यासारखा एक पाय ओढत चालला. "लेझी मम्मा!" मैत्री ओरडली. प्रज्ञा हसली. मी संत्री सोलत बसले होते — मीही हसले.

क्रमाने सांगते. मला क्रम लागतो.

प्रज्ञा आमच्या घरी आली तेव्हा भोपाळला एका सरकारी खात्याच्या संघात होती. खेळण्यासाठीच नोकरी, खेळण्याचाच पगार. एक बोट कायमचं वाकडं, घोटे कितीदा सुजलेले. दर मोसमात काहीतरी दुखवून घ्यायची, बर्फ लावायची, परत उभी राहायची. तिची उंची पाहून शेजारच्या शेवंताबाई कुंपणावरून म्हणायच्या, "मास्तरीणबाई, तुमची सून तं टूल न घेताच पंखा पुसत असंन वो!" मी हसायची, आणि आतून जळायची. विहारात मुलींच्या शिक्षणावर भाषण मीच करायची — आणि चड्डी घालून मैदानात उतरणारी सून मात्र मला नको होती. पण खरं सांगू? चड्डी हे निमित्त. मिलिंद बोरगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिच्यामागे भोपाळला निघाला होता. माझा एकुलता एक मुलगा — बायकोच्या खेळापायी.

आणि मग तिचा गुडघा गेला. उडी मारून खाली येताना आतला बंध तुटला. नागपूरला ऑपरेशन झालं. ती अजून गुंगीत होती, मिलिंद औषधं आणायला खाली गेला होता. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मराठीतच सुरुवात केली होती — मीच इंग्रजीत प्रश्न विचारला. तेवढी ऐट मला हवी असायची. मग त्यांनी सगळं इंग्रजीत सांगितलं, मला एकटीला. आठवडाभर पूर्ण आराम. मग आमचा माणूस फोन करेल. दुखणं उतरलं असेल तर गुडघा वाकवणं सुरू, रोज, रडली तरी थांबायचं नाही. उशीर झाला तर सांधा धरून बसेल. चालेल ती, पण खेळायचं विसरा.

मला सगळं समजलं होतं. हे नीट ऐका — सगळं समजलं होतं.

फोन आमच्या बैठकीत असायचा, प्रज्ञा आतल्या खोलीत पडलेली. तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, आराम आहे का?"

आराम पडला म्हणजे दुखणं उतरलं. आणि आराम कर म्हणजे पडून राहा. एकच शब्द.

"हो," मी म्हटलं, "पूर्ण आराम आहे."

"मग वाकवणं सुरू करा."

"बरं."

रिसीव्हर ठेवला. आतून हाक आली, "काय म्हणाले जी, आई?"

"आराम," मी म्हटलं. "पूर्ण आराम."

इंग्रजीत हे खोटं इतकं सफाईने बोलता येत नाही. तिथे दोन वेगळे शब्द लागतात. जीभ घसरली, असं म्हणू? नाही. शब्द मी निवडला होता.

पुन्हा फोन आला, पुन्हा तेच झालं. तिच्या गुडघ्याखाली मी मऊ उशी ठेवायची, जेवणाचं ताट खाटेवर न्यायची. "पाय कडक होऊन राहिला, आई. थोडा वाकवून पाहू का?" — "डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळते का?" शेवंताबाई सगळ्या आळीत सांगत सुटल्या, सून नाही, लेक करून ठेवली मास्तरीणबाईनं. ते ऐकायला मला फार गोड वाटायचं.

बसचे हादरे नकोत म्हणून नागपूरची तारीखही मीच पुढे ढकलली. शेवटी गेलो. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. वाकेना. ते संतापले, "फोनवर दोनदा सांगूनही वाकवला नाही? खेळाडू ना तुम्ही?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी कळलं. मला दिसलं, तिला कळलं ते.

आणि मी काय म्हटलं? "दुखतं म्हणून करतच नव्हती हो. फार नाजूक आहे."

मिलिंद तिला म्हणाला, "प्रज्ञा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." ती परतीच्या बसमध्ये पाय लांब करून खिडकीशी बसली. मी तिला संत्र्याची फोड दिली. तिने घेतली.

मिलिंद भोपाळला गेला नाही. पुढे तो त्याहून कितीतरी दूर, परदेशात गेला, ते तुम्हाला माहीतच आहे.

गेल्या वर्षी माझा गुडघा बदलला. प्रज्ञा एकटीच आली, तुम्हाला सोडून. रोज सकाळी माझा घोटा धरायची. "वाकवा जी, आई." मी किंचाळायची, तिला वाटेल ते बोलायची. ती थांबायची नाही. शेवंताबाई धावत आल्या, "अवो, मारून टाकते काय सासूले?"

"मारत नाही, मावशी," ती म्हणाली, "चालवून राहिली."

आता मी जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालते.

तिने मला कधी काही विचारलं नाही. तुम्ही तिला आळशी म्हणता, तेव्हाही ती हसते. आळशी ती नव्हती. तिचा खेळ मी मोडला, आणि दोष तिच्या माथी मारला.

तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तुमच्या बाबांना असल्याला सवड नसते, म्हणजे हे तुमची आईच तुम्हाला वाचून दाखवते आहे. लिहायला बसले तेव्हाच मला ते ठाऊक होतं.