टायटॅनिक आणि ताईचा मुहूर्त

माझ्या ताईचं लग्न टायटॅनिक जहाजामुळे मोडता मोडता राहिलं.

हे जहाज आमच्या सिंदी मेघ्यात कधी आलं नव्हतं, हे मला मान्य आहे. ते मी आणलं. मी वर्ध्याच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं दुसरं कोणी नाही. रोज सकाळी कॉलेजच्या फळ्यावर ‘आजचा दिनविशेष’ मी लिहिते. (हे काम मला कोणी दिलेलं नाही. फळा रिकामा होता आणि खडू समोर होता, म्हणून सुरू केलं.) त्यातून एक नाद लागला. कोणतीही तारीख कानावर आली की त्या दिवशी जगात काय झालं असेल, हे बघितल्याशिवाय मला चैनच पडत नाही.

ताईचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) झालं होतं. मुलाकडचे केळझरचे. एका रविवारी मुलाचे आईवडील गुरुजींना सोबत घेऊन तारीख काढायला आमच्या घरी आले. आमच्या बाजूने आई, बाबा आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या. ताई पडद्यामागे. मी पोह्यांच्या बशा गोळा करायला.

गुरुजींनी पंचांग उघडलं. “तीन मुहूर्त आहेत. पंधरा एप्रिल, सव्वीस एप्रिल, दहा मे.”

“पंधरा एप्रिल बेस हाय,” मुलाचे वडील म्हणाले. “कापूस विकून मोकळे राह्यतो आमी तवा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. तारीख ठरलीच होती! पण त्याच क्षणी बाबांना माझा अभिमान अनावर झाला. (ते ऑटो चालवतात. मी काय शिकते, हे त्यांच्या प्रत्येक सवारीला माहीत आहे.)

“आमची लहानी इतिहास शिकून राह्यली, भाऊ. कोनतीबी तारीख सांगा, त्या दिवशी काय झालतं ते सांगते. बोल बेटा!”

मी नको नको म्हणाले. पण मला आठवलं होतं, आणि आठवलेलं पोटात ठेवणं मला जमत नाही.

“पंधरा एप्रिलला... टायटॅनिक बुडालं.”

“काय बुडालं?” आत्याने विचारलं.

“जहाज. खूप मोठं. हे कधी बुडणारच नाही, असं लोक म्हणायचे.”

“मानसं होती त्यात?”

“हो. दीड हजाराच्या आसपास गेली.”

आत्याने अडकित्ता खाली ठेवला. “काऊन हो गुरुजी, हा तुमचा शुभ दिवस?”

“अहो, ते तिकडे समुद्रात झालं!”

“समुद्रात बुडो नाई त धाम नदीत. बुडालं ना?”

“आत्या, त्याला शंभर वर्षं होऊन गेली,” मी घाईघाईने म्हणाले.

“मंग जुना हाय. मुरलेला अपशकुन!”

गुरुजींनी घाम पुसला आणि सव्वीस एप्रिलवर बोट ठेवलं. मी तोंड घट्ट मिटून बशा उचलू लागले.

“ठेव त्या बशा. मोबाईलात पाय, काय झालतं ते,” आत्या म्हणाली.

“काही नसेल त्या दिवशी.”

“पाय मंते ना!”

मी पाहिलं. खोटं बोलायला हवं होतं. पण इतिहासाच्या बाबतीत खोटं बोलू नये, असं आमचे सर सांगतात. “तेव्हाच्या सोव्हिएत देशात अणुभट्टी फुटली,” मी हळूच म्हणाले.

“बाई बाई बाई!” आता मुलाची आई घाबरली. “आमच्याकडं जेवनाच्या भट्टीपाशी माह्या सख्खा भाऊ उभा राह्यते!”

राहिला दहा मे. इथे मात्र मला हायसं वाटलं. “ही तारीख चांगली आहे! आपल्याच देशातली. १८५७ चा उठाव याच दिवशी मेरठला सुरू झाला!”

“उठाव?” मुलाच्या आईने पदर सावरला. “मंजे सून घरात आल्या आल्या बंड करन का?”

“नाही हो काकू, ते इंग्रजांविरुद्ध होतं.”

“मंग आमच्या घरात इंग्रज कोन? मीच ना?”

मुलाचे वडील उभे राहिले आणि थेट दाराशी जाऊन एक चप्पल पायात घातली. “भाऊ, पोरगी द्याची नसन त सरळ सांगा. ह्या लेकराच्या तोंडून कायले वदवता?”

बाबा पांढरे पडले. गुरुजींनी पंचांग मिटलं. “माझ्याकडे आता पुढच्या सालाशिवाय तारीख नाही.” पडद्याच्या फटीतून ताई माझ्याकडे बघत होती. (त्या नजरेची दिनविशेषात वेगळी नोंद व्हायला हवी.)

“थांबा ना!” मी जवळजवळ रडतच म्हणाले. “सगळ्याच तारखांना काही ना काही झालेलं असतं! आईबाबांच्या लग्नाची तारीख घ्या. अठरा मे. त्या दिवशी बघा काय...” मी मोबाईलमध्ये पाहिलं आणि थांबले.

“काय झालतं?” बाबांनी भीत भीत विचारलं.

“पोखरणला पहिला अणुस्फोट.”

“तो त ह्या घरात रोजच होते,” आई म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

मुलाच्या वडिलांना हसू आवरेना. एक पाय चपलेत, एक बाहेर, असे ते दारात उभे राहिले. मग त्यांनाही राहवलं नाही. “बरं, आमचं पाय. बावीस मे.”

“जगात आजवर मोजलेला सगळ्यात मोठा भूकंप.”

त्यांनी सावकाश बायकोकडे पाहिलं. “तरी मी म्हनो...”

“काय म्हनो?”

“काई नाई.” आणि त्यांनी चपलेतला पाय काढून घेतला.

“माझी जन्मतारीख पाहा बरं जरा,” गुरुजी सरकून माझ्याशेजारी आले. पाच मिनिटांत सगळे माझ्या मोबाईलभोवती! ज्याच्या त्याच्या तारखेला कुठेतरी आग, कुठेतरी पूर, कुठेतरी राज्य खालसा. जो तो खूश! लग्नाचं कोणाच्या ध्यानातही नाही.

तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि तो तिने ठाणकन टेबलावर ठेवला. “पंधरा एप्रिल धरा. बुडालं त मी बुडीन. पुढच्या सालापर्यंत नाई थांबत मी.”

गुरुजींनी मुकाट्याने तारीख लिहिली.

“घ्या,” मुलाची आई कपात बघत पुटपुटली, “उठाव झालाच.”

लग्न झोकात झालं. बुडाले ते फक्त गुलाबजाम, पाकात.

परवा चुलतभावाची सोयरीक जुळली. तारीख काढायला आमच्याच घरी बैठक होती. पाहुणे यायच्या तासभर आधी आईने लगबगीने माझ्या हातात डबा दिला. “रुपे, जा बेटा, दळण घेऊन येजो. घाई नाई, आरामात येजो.” मीही शहाण्यासारखी गेले. उन्हात रांगेत उभी राहिले. नंबर लागला तेव्हा गिरणीवाल्याने झाकण उघडलं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“ताई,” तो म्हणाला, “हे त पीठच हाय!”